सावळीरामने केलेली वाटणी

पिंपळखोऱ्यात पाणी सोडायचं काम सावळीराम गांगुर्डेकडं आलं, त्याला आता एकवीस वर्षं झाली. गाव वणीच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. वर टेकाडावर टाकी, खाली पाच आळ्या, पाच आळ्यांचे पाच वॉल, म्हणजे पाणी सोडायच्या चाव्या. एकेका आळीला चाळीस मिनिटं पाणी. सावळीराम घड्याळ बघून वॉल सोडायचा आणि घड्याळ बघूनच बंद करायचा. सरपंचाच्या आळीला कधी एकेचाळिसावं मिनिट मिळालं नाही, आणि टोकाला राहणाऱ्या एकट्या धोंडाबाईचा नळ एकोणचाळिसाव्या मिनिटाला कधी सुकला नाही. एकदा वरच्या आळीत लग्न निघालं. मुलीचा बाप येऊन ओट्यावर बसला, उगाच इकडचं तिकडचं बोलला, आणि मग जरा जास्त पाणी सोडशील का म्हणाला. सावळीरामने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, माझ्या घरच्या नळाचं सगळं पाणी न्या, दुसऱ्याचं मला देता यायचं नाही. त्या दिवशी त्याच्या बायकोने, लंकाबाईने, विहिरीवरून चार हंडे आणले आणि आठ दिवस त्याला ऐकवलं. पण ऐकवताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होताच.

अशा माणसाला तीन वर्षांपूर्वी आतड्याचा आजार झाला.

आधी पोटात कळ यायची. मग दिवसातून आठ वेळा, दहा वेळा जावं लागायला लागलं, आणि मग रक्त दिसलं. गावात ज्याला त्याला वाटलं मूळव्याध आहे. कुणी सुरण खायला सांगितला, कुणी कुड्याची साल उगाळून दिली. सावळीराम टेकाडावर चढायचा आणि अर्ध्यातून परत फिरायचा. पाच आळ्यांतल्या कुणाच्या संडासाला आतून कडी आहे, कुणाकडं बादली भरलेली असते, हे त्याला तोंडपाठ झालं. वॉल सोडून तो एखाद्या दारात उभा राहिला की घरची बाई काही न विचारता बाजूला व्हायची. ते न विचारणंच त्याला जास्त लागायचं.

शेवटी नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली तेव्हा कळलं. मोठ्या आतड्याला आतून सूज होती, जागोजागी जखमा होत्या. डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या सुरू झाल्या, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. थोडं बरं वाटायचं, पुन्हा उलटायचं. कशाने बरं वाटलं आणि कशाने उलटलं, याचा काही मेळ लागत नव्हता. लंकाबाईने तिखट बंद केलं, मऊ भात आणि पातळ ताक सुरू केलं, आणि सप्तशृंगीला नवस बोलली. नवस काय बोलली ते तिने सांगितलं नाही.

त्या दवाखान्यात डॉक्टर निकिता नावाची एक मुलगी होती. मुलगीच म्हणायची, सावळीरामच्या थोरल्या पुतणीएवढी. तिने त्याला एक दिवस बसवून घेतलं आणि सांगितलं की एक अभ्यास सुरू आहे. वाइनसाठी जी द्राक्षं चिरडतात त्यांच्या बियांचा अर्क कॅप्सूलमध्ये भरला आहे. झाडापाल्यात, बियांत, सालींत काही घटक असतात, त्यांना अँटीऑक्सिडंट म्हणतात. सूज आली की आतल्या आत जे जळतं, झिजतं, ते हे घटक थोपवू शकतील असं वाटतं. नक्की ठाऊक नाही, तेच तपासायचं आहे. सावळीराम पाइपांतला माणूस, त्याने विचारलं, लोखंडाला गंज चढतो तसं का? ती म्हणाली, बरंचसं तसंच.

इथवर त्याला समजलं. त्याला हसूही आलं, कारण जन्म द्राक्षबागांत गेला आणि त्यांच्याकडच्या द्राक्षाला आता बीच राहिली नव्हती. गोंधळ पुढे झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निम्म्या लोकांच्या बाटलीत अर्क आहे आणि निम्म्यांच्या बाटलीत नुसतं पीठ. कॅप्सूल दिसायला एकसारख्या, गडद लाल. कुणाला काय मिळालं ते कुणालाच सांगायचं नाही. चालू गोळ्या मात्र दोघांनीही घेत राहायच्या, त्या सोडायच्या नाहीत.

"म्हणजे तुमी मला सांगायचं नाय," सावळीराम म्हणाला. "पण तुमाला तर माहीत आसंल."

"मलाही माहीत नाही, काका. बाटलीवर नुसता नंबर आहे."

देणाऱ्याला आपण काय देतोय ते माहीत नाही, ही गोष्ट सावळीरामच्या डोक्यात कुठंच बसेना. पाच वॉल आहेत, पण टाकी कुठल्या वॉलला जोडली आहे ते सोडणाऱ्याला ठाऊक नाही, असं झालं हे. तिने दोनदा समजावलं, चित्र काढून दाखवलं. त्याने मान हलवली आणि सही केली. समजलं म्हणून नाही. तीन वर्षांत त्याच्याशी घाईने न बोललेली ती पहिली डॉक्टर होती म्हणून.

त्याच दिवशी बाकावर त्याच्या शेजारी धनराज बसला होता. तिशीच्या आतला पोरगा, नाशिकच्याच द्वारका चौकात रिक्षा चालवायचा, आजार तोच, अभ्यास तोच, फक्त बाटलीचा नंबर वेगळा. ओळख व्हायला वेळ लागला नाही. ज्या गोष्टी बायकोशीही बोलता येत नाहीत त्या दोघे पहिल्या अर्ध्या तासात बोलून मोकळे झाले.

"मामा, द्वारकेच्या सिग्नलला अडकलो ना, की लोकांना उशीर आठवतो, मला फक्त संडास आठवतो," धनराज म्हणाला. "परवा गिऱ्हाईक मागं बसवून मी हॉटेलात पळालो. परत आलो तर ते बिचारं हँडल धरून बसलेलं. म्हणे, पोलीस आला होता, मी म्हणलं रिक्षा माझीच आहे."

सावळीराम कितीतरी दिवसांनी पोट धरून हसला, आणि या वेळी दुखत होतं म्हणून धरलं नव्हतं.

दर महिन्याला एका ठरावीक गुरुवारी दोघांची तपासणी असायची. नवी बाटली मिळायची, जुनीत उरलेल्या कॅप्सूल परत द्यायच्या. पहिल्या महिन्यात सावळीरामच्या खेपा दहावरून पाचावर आल्या. दुसऱ्या महिन्यात रक्त थांबलं. तो टेकाडावर एका दमात चढला आणि वर जाऊन उगाच टाकीभोवती एक फेरी मारून आला. लंकाबाई म्हणाली, ताक लागू पडलं. तिच्या बहिणीने नवसाचं नाव घेतलं. सावळीरामने मनात धरलं की आपल्याला खरी बाटली मिळाली.

धनराज मात्र वाळत चालला होता. शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसायचा. दुसऱ्या महिन्याच्या गुरुवारी तो बाकावर बसला आणि त्याने एकही चेष्टा केली नाही. मोठ्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की असंच चाललं तर जोरकस इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि त्यानेही भागलं नाही तर मोठं आतडं काढून टाकायची वेळ येऊ शकते. पोटाला पिशवी लावून रिक्षा चालवता येते का, एवढंच त्याने विचारलं. घरी त्याला दीड वर्षाची मुलगी होती.

सावळीरामने हिशेब केला. एकाच टाकीचं पाणी, एका आळीला भरून वाहतंय आणि दुसरीत थेंब नाही. म्हणजे याच्या नशिबी पीठ आलं. तो सरळ डॉक्टर निकिताकडं गेला आणि म्हणाला, माझ्यातलं थोडं त्याला द्या. ती हसली नाही. तिने पुन्हा समजावलं की तुमची खरी आहे हे तुम्हाला कुठून कळलं, आजार आपोआपही चढतो-उतरतो, म्हणून तर दोन गट करावे लागतात. सावळीरामने सगळं ऐकलं. शब्द कळत होते, पण समोर धनराजची हाडं दिसत होती.

दवाखान्यासमोर लिंबाखाली धनराजची रिक्षा उभी होती. तिच्या मागच्या सीटवर बसून सावळीरामने लंकाबाईने दिलेला स्टीलचा डबा काढला, पुसला, आणि आपली नवी बाटली त्यात ओतली.

"तुझी बाटली आण."

"मामा, डोकं फिरलंय का? माझ्यात पीठ असलं तर तुमचं अर्धं औषध पिठात जाईल."

"जाऊ दे. अर्ध्यात बी भागतं. मी लय उन्हाळे अर्ध्यात भागवलेत."

"आणि तुमचं पुन्हा सुरू झालं तर?"

सावळीरामने धनराजच्या हातातून बाटली घेतली, डब्यात रिकामी केली, झाकण लावून डबा हलवला. मग एक तुला, एक मला, अशा एकशेवीस कॅप्सूल मोजून दोन्ही बाटल्यांत भरल्या. आता कुठली कुणाची होती ते देवालाही सांगता आलं नसतं. सावळीरामला फार हलकं वाटलं. त्याने धनराजला ताकीद दिली की सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला मी फोन करणार, लाल कॅप्सूल आणि आपल्या नेहमीच्या गोळ्या, दोन्ही माझ्याबरोबर घ्यायच्या. आणि तो खरोखर रोज फोन करायचा. वॉल सोडताना जसा काट्यावर असायचा तसाच. धनराज वैतागून म्हणायचा, बायको एवढी पाळत ठेवत नाही.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर निकिताने नेहमीचे प्रश्न विचारले. कॅप्सूल तुम्ही स्वतःच घेता ना? दुसऱ्या कुणाला दिल्या नाहीत ना? सावळीराम म्हणाला, घेतो, नाय दिल्या. तिने लिहून घेतलं. नव्या बाटल्या मिळाल्या आणि लिंबाखाली पुन्हा वाटणी झाली.

चौथ्या महिन्यापर्यंत अशी गोष्ट झाली की सावळीराम चक्रावून गेला. धनराजचं रक्त थांबलं होतं. गाल भरले होते, चेष्टा परत आली होती. आणि सावळीराम जसाच्या तसा ठणठणीत होता. अर्ध्या औषधात दोघं बरे? मग पूर्ण कशाला देतात? की धनराजची बाटलीही खरीच होती, फक्त उशिरा लागू पडली? की दोन्हींत पीठच होतं? टेकाडावर बसून तो बोटं मोजत विचार करायचा आणि प्रत्येक वेळी शेवटच्या बोटापाशी वेगळंच उत्तर यायचं.

त्याच आठवड्यात गावात एक भानगड झाली. चौथ्या आळीत पाणी कमी दाबाने यायला लागलं. सावळीरामने वॉल खोलून पाहिला, दोन ठिकाणी खणलं, टाकीची पातळी सकाळ-संध्याकाळ मोजली. आकडे काहीच सांगेनात. पाचव्या दिवशी सापडलं. तिसऱ्या आळीतल्या बारकूने आपल्या घरामागून एक बारीक नळी चौथ्या आळीच्या लाइनला जोडली होती. दोन्ही लाइनी आतून एक झाल्या होत्या. बारकू म्हणाला, मी चोरी केली नाही, पलीकडं माझी विधवा बहीण राहते, दोघांचं पाणी दोघांत राहावं म्हणून जोडली.

"तू चोर नाय रं बाबा," सावळीराम म्हणाला. "पण आता मला कोणत्याच आळीचं काय कळंना. कुठं गळतंय, कुठं भरतंय, सगळं..."

आणि तो तिथंच थांबला; लिंबाखालचा स्टीलचा डबा त्याला आठवला. बारकू पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला. सावळीराम पाना खाली ठेवून कठड्यावर बसला, आणि बारकूला वाटलं याचं पोट पुन्हा दुखायला लागलं.

पुढचा गुरुवार यायला तेरा दिवस होते. त्या तेरा दिवसांत त्याला घास गोड लागला नाही. सांगितलं तर अभ्यासातून नाव जाणार, लाल कॅप्सूल बंद होणार, आणि तीन वर्षांनी थांबलेलं रक्त पुन्हा दिसलं तर? नाही सांगितलं तर ती मुलगी त्याच्या नावापुढं खोटं लिहीत राहणार, आणि उद्या कुणा तिसऱ्याच माणसाला त्या खोट्याच्या जिवावर औषध मिळणार किंवा नाकारलं जाणार. लंकाबाईला त्याने सगळं सांगितलं. तिने सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली, तुमच्यानं नाय राहवायचं, तर सांगून टाका, पण त्या पोराला आधी विचारा.

त्याने धनराजला विचारलं. धनराज म्हणाला, नका सांगू. त्याने हात जोडले, मग चिडला, मग म्हणाला तुम्ही तुमचं बघा, माझं नाव घेऊ नका. पण डबा तर एकच होता, आणि सावळीरामला एकट्याची अर्धी गोष्ट सांगता येणार नव्हती.

गुरुवारी डॉक्टर निकिता खुशीत होती. तिने दोघांनाही एकदम आत बोलावलं, कारण दोघांचेही तपासणीचे आकडे चांगले आले होते. नेहमीचा प्रश्न आला, दुसऱ्या कुणाला दिल्या नाहीत ना? धनराजने टेबलाखालून सावळीरामच्या पायावर पाय ठेवला.

"दिल्या, बाई," सावळीराम म्हणाला. "दोन महिने झाले. याच्या नि माझ्या एका डब्यात मिसळल्या नि वाटून घेतल्या. याचा दोष नाय. मागल्या खेपेला मी तुमाला खोटं बोललो."

तिने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. पंखा फिरत होता. मग तिने विचारलं, का? सावळीराम म्हणाला, याला कोरडं पडलेलं मला बघवंना.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दोघांच्या कागदांवर आडवी रेघ मारली आणि तारीख टाकली. आता तुमचे दोघांचेही आकडे धरता येणार नाहीत, म्हणाली. मग तिने धनराजकडं वळून विचारलं की मिसळण्याआधी तुझ्या नेहमीच्या गोळ्या तर चालू होत्या ना.

धनराज खाली बघायला लागला.

बरंच खोदल्यावर तो बोलला. पहिले दोन महिने त्याने त्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या. झाडपाल्याचं नवं औषध सुरू झालंय, मग जुन्या केमिकलच्या गोळ्या कशाला, असं त्याला कुणीसं रिक्षा स्टँडवर सांगितलं होतं. मामांचे फोन सुरू झाले तेव्हापासून भीतीपोटी दोन्ही घ्यायला लागला.

या वेळी मात्र डॉक्टर निकिताचा आवाज चढला. तिने त्याला विचारलं की आतडं काढायची वेळ आली होती हे तुला कळत होतं का. ज्यांचं काम सिद्ध झालंय त्या गोळ्या सोडून, ज्याचं आम्हालाच अजून माहीत नाही त्यावर तू विसंबलास? धनराजने शाळेतल्या मुलासारखी मान खाली घातली. सावळीरामला एवढंच कळलं की इतके दिवस तो ज्याला पीठ मिळालं म्हणून हळहळत होता, त्याला कदाचित पीठ मिळालंही नव्हतं.

निघताना तो दारात थांबला.

"बाई, एकच सांगा. माझ्या बाटलीत काय व्हतं?"

"खरंच माहीत नाही, काका. शेवटचा पेशंट पुरा होईल तेव्हा कुठल्या नंबरात काय होतं त्याचं बंद पाकीट उघडेल. पुढच्या वर्षी कधीतरी."

"मंग तवा कळंल."

"पहिल्या दोन महिन्यांचं कळेल, पण तेवढ्यावरून काही सांगता येणार नाही. नंतरचं तर तुम्ही स्वतःच मिसळलंत." तिने दोघांचे कागद बाजूला ठेवले. "तुम्हाला कशाने बरं वाटलं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

धनराजने त्याला बसस्टँडवर सोडलं. रिक्षा थांबवून त्याने मीटरवरची धूळ पुसली, जी तिथं नव्हती, आणि मग विचारलं, "मामा, मग आपण बरे झालो कशानं?"

"तू गोळ्यांनी. त्या पुन्ना सोडल्या तर तुझी तंगडी मोडीन."

"आणि तुम्ही?"

सावळीराम उतरला. वणीची गाडी लागली होती. त्याने चढता चढता नुसता हात हलवला.

घरी लंकाबाईने विचारलं, आता लाल कॅप्सूल नाहीत तर ताक द्यायचं की थांबवायचं? भात बदलायचा का? सावळीराम म्हणाला, काहीच बदलू नको. ताक ठेव, भात ठेव, जेवणाची वेळ ठेव. ज्या भांड्यातून देतेस तेही बदलू नको. कशाने धरून ठेवलंय ते ठाऊक नाही, तर काय म्हणून काढायचं? नवसाचंही तिने विचारलं, फेडायचा की अजून वाट बघायची. तो म्हणाला, मला विचारू नको, तुझी तू ठरव.

त्यानंतर रोज सकाळी तो जरा भीतभीतच आत जायचा. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी पोटात एक कळ आली आणि दुपारपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला, पण ती कळ आली तशी गेली. अकराव्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा लंकाबाई दारात उभी होती. त्याने मान हलवली, नाही. ती ताकासाठी दुधाला विरजण लावायला आत गेली.

सावळीराम ओट्यावर उभा राहिला. कुणाला तरी हात जोडावेत असं त्याला आतून फार वाटत होतं. सप्तशृंगीच्या डोंगराकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, फडताळातल्या गोळ्यांच्या पाकिटाकडं बघितलं. डॉक्टरीणबाईची आडवी रेघ आठवली. हात अर्धे वर आले आणि तसेच राहिले. तेवढ्यात आठ वाजले, म्हणून त्याने त्याच हातांनी पाकीट फोडलं आणि दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या.